पाठीतली सुई आणि मायच्या हातचं पाणी

माझा बाप शेवटच्या वर्षात उताणा झोपू शकत नव्हता. गुडघे पोटाशी घ्यायचे, हनुवटी गुडघ्यांवर टेकवायची आणि दोन्ही हातांनी नडग्या आवळून पुढेमागे झुलत राहायचं, ही त्याची दिवसभराची बैठक. बघायला आलेल्यांपैकी एकाने तर कौतुकाने म्हटलं होतं की म्हातारा आता नामस्मरणाला लागला. मी त्या माणसाला चहासुद्धा विचारला नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर पोटातून पाठीकडे घुसला की माणूस असाच दुमडून बसतो, कारण तेवढ्या एका बसण्यात कळ जरा बोथट होते. त्यात देवाचा काही संबंध नव्हता.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी लाखनीकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि रोज घरून सायकलने जाऊन-येऊन नोकरी करत होते. घर तलावाच्या पाळीखाली. आम्ही ढिवर. तलावात जाळं टाकायचं, दिवाळीच्या सुमारास शिंगाडे काढायचे आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबायचं, हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. पाण्याखाली माझ्या बापाइतका दम धरणारा माणूस त्या पाळीवर दुसरा नव्हता, असं लोक म्हणत. जाळं शिंगाड्याच्या वेलात अडकलं की तो खाली जाऊन सोडवायचा, आणि तो वर येईपर्यंत माय काठावर स्वतःचाही श्वास धरून उभी राहायची.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात त्याचं पोट उघडलं, पाहिलं आणि परत शिवलं. गाठ काढण्याजोगी राहिली नव्हती. घरी न्या म्हणाले. आमच्याकडे ‘घरी न्या’ याचा अर्थ सगळ्यांना कळतो, बाबालाही कळला. बसमध्ये खिडकीशी बसून तो एवढंच म्हणाला की टाक्यांची खाज सुटली आहे.

त्यानंतर दुखणं सुरू झालं. आधीही होतं, पण या नंतरच्यापुढे त्याला दुखणं म्हणायला नको. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस, कुलपातलं पेथिडीन, कळ दाबणारं औषध, माझ्या हाती द्यायचे, पण त्यांच्याकडेच मोजकं यायचं. सकाळी ड्युटीवर निघायच्या आधी एक इंजेक्शन, संध्याकाळी परतल्यावर एक. एकाचा अंमल तीन तास. मधले सगळे तास मायच्या वाट्याला. ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि पाय भिंतीला रेटून मागे दाब द्यायची. तेवढा दाब पडला की त्याला बरं वाटे. तिला स्वयंपाकाला उठायचं असलं तर ती त्याच्या पाठीमागे धानाचं पोतं लावून जायची, आणि तो लगेच ओळखायचा. पोत्याला ऊब नव्हती.

आता हे सगळं ऐकून कोणाला वाटेल, काय प्रेमाचं जोडपं. म्हणून आधीची गोष्ट सांगायला हवी.

मी सातवीत असेपर्यंत माझा बाप मोहाची प्यायचा आणि मायला मारायचा. कारण लागत नसे. एकदा त्याने डोंग्याचं वल्हं उचललं. मायने डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि तो मनगटापाशी मोडला. हाडं बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, पण हात वाकडाच जुळला. तळवा कायमचा जरासा बाहेर वळलेला राहिला. त्याच हाताने ती पुढे जन्मभर भाकरी थापत होती, आणि भाकरी एका अंगाला जाड व्हायची.

कामट्या सोडल्या त्या दिवशी मायने त्याला समोर बसवलं. मी चुलीपाशी होते. तिने तो वाकडा हात त्याच्यापुढे धरला आणि सांगितलं, ह्याच्यावर हात ठेव आणि किरिया खा. बाबा बराच वेळ तो हात नुसता पाहत राहिला. मग त्याने त्यावर स्वतःचा हात ठेवला.

“आता थेंब घेतला तं ह्या हातचं पानी माह्या तोंडात जानार नाई,” तो म्हणाला. “मरतानीबी नाई.”

दारू सोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. दवाखान्यात दर आठवड्याला एक तरी शपथ माझ्यासमोर होते, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी ती मोडते. बाबाची अकरा वर्षं टिकली. लग्नात नाही, पोळ्याला नाही, पहाटेच्या थंडीत पाण्यातून निळा पडून बाहेर आला तरी नाही. आजूबाजूच्यांनी चिडवलं, बायकोच्या पदराला बांधलेला म्हणाले. तो हसायचा आणि मायच्या हातून गडवाभर पाणी घेऊन घटाघटा प्यायचा, सगळ्यांसमोर. ते पाणी म्हणजे त्याची ऐट होती. आणि मायची पण, तिने कधी कबूल केलं नाही तरी.

आमच्या डॉक्टरांनीच एक दिवस सांगितलं की नागपूरला भूल देणारे एक डॉक्टर पाठीतून सुई घालून पोटातली नस मारतात, दुखणं थांबतं. जगवत नाहीत, पण झोपवतात. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

ते डॉक्टर बारीक, अबोल, सतत बोटांची नखं तपासणारे. मी नर्स आहे म्हटल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटातल्या जठर, यकृत, स्वादुपिंड सगळ्यांच्या कळा वाहून नेणाऱ्या नसांचं एक जाळं असतं, मणक्याच्या पुढे, मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून. तिथे औषध सोडलं की ते जाळं काम करेनासं होतं आणि निरोप वर पोचत नाही. “आम्ही नस मारतो, रोग नाही,” ते म्हणाले. “घरच्यांना हे नीट समजावून सांगा. बरं वाटलं म्हणजे बरा झाला असं समजतात.”

मग त्यांनी बाबाला विचारलं, दारू घेता का. बाबा त्या अवस्थेतही ताठ झाला. अकरा वर्षांत थेंब नाही म्हणाला. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी फक्त चाचणी होती. तेच ठिकाण, पण साधं बधिर करायचं औषध, काही तासच टिकणारं. त्याने दुखणं थांबलं तरच पुढचं करायचं. बाबाला आत नेलं आणि तासाभराने स्ट्रेचरवर बाहेर आणलं, तेव्हा तो उताणा होता. पाय लांब केलेले. सात महिन्यांत मी त्याला तसं पाहिलं नव्हतं. इतका लांब माणूस आपला बाप आहे हे मी विसरूनच गेले होते. वॉर्डात आल्यावर तो तसाच झोपला, तोंड उघडं टाकून, घोरत. शेजारच्या खाटेवरची बाई घोरण्याने वैतागली, आणि मी तिच्याशी भांडले.

चार तासांनी त्याने डोळे उघडले. कळ परत येत होती. ती येताना त्याला दिसत असावी, कारण ओरडायच्या आधीच त्याने माझं मनगट धरलं.

“बाई, मघाशी होतं तसंच ठेव,” तो म्हणाला. मला तो लाडाने बाई म्हणायचा. “बाकी मले काई नोको.”

संध्याकाळी डॉक्टरांनी उद्याचं समजावलं. उद्या टिकणारं औषध. मी विचारलं कोणतं. ते म्हणाले, अल्कोहोल. निम्मं पाणी, निम्मं अल्कोहोल, दोन्ही बाजूंना मिळून पन्नास सीसी. तेच नस जाळतं.

मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. आत बाबा ओरडत होता. मी नर्स, दिवसातून वीस वेळा स्पिरिटचा बोळा हातात धरणारी. नसेत टोचणं म्हणजे पिणं नव्हे, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण बाबाच्या दृष्टीने काय होईल हेही मला तितकंच ठाऊक होतं. मी परत डॉक्टरांकडे गेले आणि दुसरं काही नाही का विचारलं. डॉक्टर म्हणाले फिनॉल वापरतात, पण ते आत्ता नाही, मागवलं तर पंधरा दिवस धरा. त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित ते हसले असते, कदाचित नसतेही. पंधरा दिवस हा आकडा ऐकला तेव्हा वॉर्डातून बाबाचा आवाज येत होता. तो आता शब्दात ओरडत नव्हता.

संमतीचा कागद इंग्रजीत होता. तो मी त्याच्या खाटेपाशी बसून मराठीत वाचून दाखवला. पाय लुळे पडू शकतात, हे सांगितलं. रक्तदाब उतरतो, काही दिवस उठल्यावर चक्कर येते, हगवण लागते, पाणी खूप प्यावं लागतं, तेही सांगितलं. एक शब्द सोडून सगळं सांगितलं.

“अन् सुईत काय हाये?” त्याने विचारलं.

“नस मारायचं औषध.”

त्याने अंगठा उठवला. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे, नर्सला बोलावंच लागतं. पण इतकं स्वच्छ, एका शब्दाचंही वजन न वाढवता बोललेलं खोटं तेवढं एकच.

दुसऱ्या दिवशी मला आत राहू दिलं. बाबाला एक्स-रेच्या टेबलावर पालथं घातलं, पोटाखाली उशी. पाठीवर शेवटच्या बरगडीखाली, मणक्यापासून चार बोटं सोडून दोन्ही अंगांना शाईने फुल्या काढल्या. पाठीचं मांस संपलं होतं, फुल्या हाडांवर काढल्यासारख्या दिसत होत्या. सुई जवळजवळ वीतभर. डॉक्टर ती तिरकी आत सरकवायचे, मणक्याला टेकली की थोडी मागे घ्यायचे, कोन बदलायचे, पुन्हा आत. मग फोटो काढायचा, ओली प्लेट उजेडापुढे धरायची, आणि सुई पुन्हा किंचित आत. मी बाबाच्या डोक्याशी उभी राहून त्याचे हात धरले होते. डॉक्टर मधूनमधून म्हणत, पाय हलवा, आणि तो आज्ञाधारकपणे अंगठे हलवायचा.

औषध जाऊ लागलं तेव्हा त्याने दात आवळले. आत आग पेटल्यागत होतंय म्हणाला. डॉक्टर म्हणाले, होणार, दोन मिनिटं. दोन मिनिटांनी हात सैल झाले. नंतर त्याला उताणा केला, सलाईन लावलं, पायांना पट्ट्या बांधल्या, कारण रक्तदाब भराभर खाली येत होता. मी माप घेत होते. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. आकडा वर चढला तसं मला वाटलं की आपण सुटलो.

तेवढ्यात मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाल लाल झाले होते, कान लाल झाले होते. डोळ्यांत एक ओलसर चमक होती, ती मी लहानपणी ओळखायला शिकले होते. ती दिसली की घरातली काठी-कुऱ्हाड लपवायची असे. सात महिन्यांच्या उपाशी, वाळलेल्या शरीराला तेवढं पुष्कळ झालं होतं. त्याने जीभ टाळूला लावून पाहिली. मग छताकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाला,

“बाई, बावीस वर्सं पेलो मी. मले काय समजत नाई?”

पाठ पुसायला स्पिरिट वापरतात, त्याचा वास येत असेल, असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. ते दिलं नाही, एवढीच त्या दिवसातली माझी जमेची बाजू.

“दुखते का?” मी विचारलं.

“नाई.” आणि थोड्या वेळाने, “तुह्या मायले सांगू नोको. तिले वाटंल, शेवटी पेलाच.”

आम्ही त्याला घरी आणलं ते उताणा. मायने खाट अंगणात काढून ठेवली होती. तिने त्याच्या पाठीला पाठ लावायची तयारी म्हणून पदरसुद्धा खोचला होता, आणि त्याची गरज नाही म्हटल्यावर ती काही क्षण तशीच उभी राहिली, हातांचं काय करावं हे न कळून. मग तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माठातून पाण्याचा गडवा भरून आणला. प्रवासातून आलेल्याला आणतात तसा.

तो म्हणाला, तहान नाही.

मला वाटलं खरंच नसेल. तासाभराने तिने पुन्हा विचारलं, तो नाही म्हणाला. ती बाहेर गेली आणि त्याने मला खूण केली. मी गडवा दिला तो त्याने एका दमात रिकामा केला. तेव्हा मला ती शपथ आठवली.

मी त्याला समजावलं. सगळं समजावलं, जे नागपूरच्या बाकावर बसून स्वतःला समजावलं होतं. तोंडाने घेतली नाहीस. गळ्याखाली उतरली नाही. औषध आहे. माझं पाप आहे, तुझं नाही. तो ऐकून घेत होता, रागावला तर अजिबात नव्हता. उलट म्हणाला की तू केलं ते बरोबर केलं, मी असतो तर मीही केलं असतं, दुखणं गेलं. “पन थेंब म्हन्लं होतं मी,” तो म्हणाला. “तोंडानं का सुईनं, तसं नव्हतं म्हन्लं.”

मी चिडले. मायने रांधलेला भात तो खात होता, तिने केलेलं मासोळीचं कालवण ओरपत होता. त्यात काय पाणी नव्हतं? त्याने शपथेचा अर्थ आपल्या मनाने लावला होता: तिच्या हातून त्याच्या हातात दिलेलं पाणी. बाकी चालतं. एखाद्या वकिलाने लाजावं अशी ती बारकाई होती आणि मला तिचा इतका संताप आला की मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. आता वाटतं, मरायला टेकलेल्या माणसाजवळ जपण्यासारखं दुसरं काय होतं?

पण मी दिवसभर ड्युटीवर. हगवण लागली होती, पाणी तर सारखं हवं. मी उशाशी गडवा भरून ठेवून जायची, तो दुपारपर्यंत संपायचा. माय भरून द्यायला गेली की त्याचं ‘तहान नाही’ सुरू. मग ती शेण-गोठ्याला गेली की हा स्वतः उठून माठापाशी जायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, दहा-बारा दिवस उठू देऊ नका, पाणी हातात द्या. आठव्या दिवशी तो माठापाशी उभा राहिला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खुब्यावर पडला. माय धावत आली तेव्हा फुटलेल्या माठाच्या पाण्यात तो निपचित पडला होता.

खुबा मोडला. त्यानंतर तो खाटेवरून उठला नाही. पोट दुखत नव्हतं, झोप लागत होती, आणि एका हाकेवरचा तलाव त्याने पुन्हा पाहिला नाही. सुईने जे चांगले दिवस दिले होते, ते असे गेले.

मायने मला पहिल्यांदा विचारलं ते तेव्हा. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. तो माझ्या हातून पाणी का घेत नाही? मी म्हटलं, आजारी माणसाचं तंत्र असतं. तिने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुझा भास आहे. तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही. पण ती रोज गडवा भरून त्याच्यापुढे न्यायची, तो मान हलवायचा, ती तो परत आणून नव्या माठात ओतायची. तो वाकडा हात मी रोज जाताना आणि येताना पाहत होते. एकदा तिने डाव्या हाताने देऊन पाहिलं. तेही त्याने घेतलं नाही.

बाबाने सांगू नको म्हटलं होतं, हे मी स्वतःला बजावत होते. खरं सांगायचं तर त्याचा शब्द हा मला सोयीचा आडोसा होता. मायला सांगायचं म्हणजे मी काय केलं ते सांगायचं, फिनॉलचं सांगायचं, माठाचं सांगायचं. रोज दहा जणांना सुया टोचणारी मी, घरातल्या एका म्हातारीसमोर मला तोंड उघडवत नव्हतं. असा दीड महिना गेला, दीडचे दोन झाले.

शेवटच्या दोन दिवसांत बाबाची शुद्ध गेली. श्वास लागायचा, थांबायचा, पुन्हा लागायचा. मी रजा घेतली होती. सकाळचे दहा-अकरा झाले असतील. माय त्याच्या पायांशी बसली होती. ती एकदम बोलू लागली, मला की त्याला हे कळेना.

ती म्हणाली की सुईसाठी नागपूरला न्यायच्या आधी एकदा, तो रात्रंदिवस ओरडत होता आणि ती पाठ लावून थकली होती, तेव्हा तिच्या तोंडून गेलं होतं, हा मरत काहून नाही. हळूच म्हटलं होतं. पण पाठीला पाठ होती, त्याने ऐकलं असणार.

“म्हनून तो माह्या हातचं पानी नाई घेत,” ती म्हणाली. “बरोबरच हाये त्याचं.”

दोन महिने ती हे घेऊन वावरत होती. मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, सुईपासून माठापर्यंत सगळं, काही न गाळता. ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा माझ्या मुस्काटात देईल. मला तेच हवं होतं. तिने फक्त एक विचारलं. सुईनं दिली तेव्हा त्याचं दुखणं थांबलं का? मी हो म्हटलं.

मग ती म्हणाली, “किरिया कोनं घातली होती?”

“तू.”

“मंग सोडाची कोनं?”

आमच्याकडे हे शेंबडं पोरही जाणतं. खेळताना कोणी शपथ घातली की ज्याला घातली तो मागे लागतो, सुटली म्हण, सुटली म्हण. आणि घालणाऱ्याने ‘सुटली’ म्हटलं की संपलं, कोणाला पाप नाही. मी स्वतः तलावाच्या पाळीवर हजारदा म्हटलं असेल. बाबाला ते सुचलं नाही, कारण त्याला ती सोडवून घ्यायचीच नव्हती. आणि मी शिकलेली, मी त्या डॉक्टरांना विचारलं, स्वतःला विचारलं, बाबाची समजूत घातली. जिची शपथ होती तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ती त्या घरात पाठ द्यायला आणि पाणी भरायला होती.

मायने गडवा भरला. बाबाच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने, लांबच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, “सुटली. आयकलं का? मी म्हनतो, सुटली.” आमच्याकडे बायाही असंच बोलतात. तिने त्या वाकड्या हाताने त्याच्या ओठांत पाणी सोडलं. त्याला गिळता येत नव्हतं. नर्स म्हणून मी तिला थांबवायला हवं होतं, पाणी श्वासात जातं. मी थांबवलं नाही. पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि गळ्यावर उतरलं. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

“तू मले इचारलं काहून नाई?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “नागपूरवून उतरल्याबरोबर इचारती. मी बसस्टँडवर येऊन म्हन्लं असतं.”

तिने पदराने त्याचा गळा पुसला, गडव्यात किती पाणी उरलंय ते पाहिलं, आणि पुन्हा भरायला उठली.